खडीच्या ढिगावरचा खेळ

पहिला मार मला घरीच बसला. मी नाटकात काम करते, हे थोरल्या भावाला गिरणीच्या दारात कुणीतरी हसत हसत सांगितलं होतं. तो पाळी संपवून आला, चपला न काढता आत शिरला आणि कमरेचा पट्टा सोडून मारायलाच लागला. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. पिठाचे हात तोंडावर घेतले, तर पट्ट्याचं बक्कल मनगटाच्या हाडावर बसलं. "चारचौघांत नाचनार व्हय गं? आमची अब्रू घालवनार?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी ओरडले नाही. ओरडलं की जास्त मार बसतो, हे आमच्या गल्लीतल्या पोरींना लहानपणीच कळायचं.

आईनं तव्यावरचं तापलेलं उलथनं उचललं आणि त्याच्या दंडावर टेकवलं. तो पट्टा टाकून मागं सरला. कातडं जळाल्याचा वास घरभर झाला.

"तुझ्या बापानं मला बडीवलं, तवा गल्ली बघत उभी ऱ्हायली," आई म्हणाली. "हिला तरी लोकांम्होरं बोलू दे. परत हात उचाललास तर तोंडावर ठिवीन."

त्यानं परत हात उचलला नाही. बोलणंही टाकलं.

आम्ही माधवनगरला राहत होतो. बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर गावकीची कामं सोडली होती. गावानं मग आमचं पाणी तोडलं. बाप आम्हाला घेऊन इकडं आला आणि गिरणीत लागला. तो वारल्यावर भाऊ आणि मी, दोघंही गिरणीत. मी सूत गुंडाळून कांड्या भरायच्या खात्यात होते. तिथंच एकदा जेवणाच्या सुट्टीत मी मुकादमाची नक्कल करत होते आणि ती खिडकीतून आमच्या शिंप्यानं बघितली. तो गिरणीसमोर दुकान टाकून बसलेला, गळा गोड, ढोलकीवर हात चांगला. त्यानं मला मास्तरांकडं नेलं.

मास्तर सांगलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांनी एक नाटक लिहिलं होतं आणि ते करायला माणसं गोळा करत होते. कंपनी म्हणायची, पण होतो आम्ही चौघंच. मास्तर, शिंपी, मी आणि हवालदार. हवालदार म्हसवडकडचे, जमीनदार मराठ्याच्या घरातले. लढाई बघून, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. उंचेपुरे, मिशा भरघोस. नाटकात ते पाटील व्हायचे आणि मी पाण्याला गेलेली बाई. पाटील मला विहिरीवर मारतो, गाव बघत राहतो, असं ते नाटक. तालमीत हवालदारांचा हात माझ्यावर उठेना. काठी वर न्यायचे आणि तिथंच थांबायचे.

"आवं मारा," मी म्हणाले. "मला नवं न्हाई त्ये."

ते खाली बसले आणि बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मग उठले आणि काठी माझ्या पायाशी अशी हाणली की जमिनीचा पोपडा उडाला. त्या दिवसापासून त्यांची काठी प्रत्येक खेळात माझ्या अंगापासून बोटभर लांब पडायची. बघणाऱ्याला वाटायचं, बाई मेली.

हे नाटक गावोगावी न्यायचं, ज्यांच्यावर लिहिलंय त्यांच्यापुढं करायचं, असं मास्तरांच्या मनात होतं. त्यासाठी कुणाचा तरी आधार हवा होता. मास्तर आम्हाला घेऊन साताऱ्याला एका पुढाऱ्याकडं गेले. त्यांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. तालुक्या-तालुक्याला खेळ लावून देतो म्हणाले, गाडी देतो म्हणाले. फक्त शेवटी पाटलाला पश्चात्ताप होऊ द्या, त्यानं त्या बाईला बहीण मानू द्या. मास्तर विचार करतो म्हणाले. हवालदारांनी कप टेबलावर इतक्या जोरात ठेवला की त्याचा कान तुटून त्यांच्या बोटात राहिला.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मास्तर, मी पाटलाच्याच घरचा हाय. आमच्यात असा पश्चात्ताप कुनाला झालेला मी बघितला न्हाई. खोटं करायचं असंल तर मी न्हाई."

मग लोकांकडंच मागायचं ठरलं. खेळ संपला की मी पदर पसरून पुढं जायचं आणि बोलायचं. मास्तरांनी वाक्यं लिहून दिली होती, ती मला जड वाटली. मी माझीच केली: "आमास्नी बसाय सावली द्या, भाकरतुकडा द्या, आन कुनी आडवलं तर आमच्या अंगाला हुबं ऱ्हावा." लोक हसायचे, पण द्यायचे. माधवनगरला गिरणीच्या दारात खेळ केला तेव्हा पाळी सुटलेल्या बायकांनी डब्यातली उरलेली भाकरी आणून दिली. मालकाच्या माणसांनी वरून लोखंडी कांड्या फेकल्या. एक शिंप्याच्या डोक्यात बसली. तो रक्त पुसत पुसत गाणं म्हणत राहिला आणि गर्दी हलली नाही. आम्हाला वाटलं, जमलं.

तो दुष्काळाचा काळ. माणदेशात तर जनावरांना चारा नव्हता नि माणसांना पाणी. सगळा मुलूख खडी फोडायला लागलेला. हवालदार म्हणाले, माणसं कामावर एका जागी सापडतील, तिकडंच जाऊ. म्हसवडच्या अलीकडं एका पाझर तलावाचं काम चालू होतं. आम्ही एस.टी.तून उतरून माळ तुडवत गेलो. भराभर हातोडे पडत होते. बायका खडीच्या ढिगाजवळ बारदानाची सावली करून बसलेल्या, हातांना चिंध्या गुंडाळलेल्या. परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि सरकारी सुकडीचा भुगा, यावर तिथं सगळे जगत होते.

त्यांच्यातली एक बाई माझ्या लक्षात राहिली. हाडापेरानं मोठी, कपाळापासून हनुवटीपर्यंत गोंदलेली. मी तिच्याशेजारी बसून हातोडा घेतला, तशी ती बोलायला लागली. पाण्याचा टँकर आला की तिथं दोन रांगा लागायच्या, एक गावाची आणि एक आमच्या लोकांची. गावाची संपेपर्यंत टँकर आटायचा. चार दिवसांमागं हिनं आपली घागर नेऊन गावाच्या रांगेत ठेवली. कामावरच्या मुकादमानं घागर लाथेनं उडवली आणि टँकरची रबरी नळी ओढून हिला सगळ्यांदेखत झोडपलं. तिनं पाठ वळवून लुगडं खाली केलं. पाठीवर जांभळे वळ होते, त्यातला एक पिकलेला.

"तुमच्या नाटकात हिर हाय म्हनं," ती म्हणाली. "हिर काडा. हितं कुठं हिर हाय? टँकर घाला."

"मुकादमाला कळंल की," मी म्हणाले.

"कळू दे. म्याच सांगतीया न्हवं?"

मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "तिचं तीच सांगतेय. आपण नाही म्हणणारे कोण?"

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत खडीच्या सर्वांत मोठ्या ढिगापुढं आम्ही खेळ मांडला. हवालदारांनी काठीऐवजी तुटकी रबरी नळी हातात घेतली. विहीर गेली, टँकर आला. शिंपी टँकरचा ड्रायव्हर झाला. सुरुवातीला पोरंबाळं खिदळली. मग मी घागर ठेवली आणि हवालदारांनी ती लाथेनं उडवली, तेव्हा सगळा माळ गप्प झाला. नळी सप्पकन माझ्या पायाशी पडली. मी किंचाळले. तेवढ्यात गर्दीतून एक दगड आला आणि हवालदारांच्या भुवईवर बसला. मारणारी एक म्हातारी होती. ती दुसरा दगड उचलत होती आणि शेजारच्या बायका तिचा हात धरून सांगत होत्या, "आगं नाटक हाय त्ये, सोंग हाय." हवालदारांचा डोळा रक्तानं भरला. त्यांनी तो पुसलाही नाही, पुढचं वाक्य म्हटलं.

मुकादम लांब आपल्या छपरीत बसला होता. तो केव्हा येऊन मागं उभा राहिला ते आम्हाला दिसलं नाही. खेळ संपला, मी पदर पसरून पुढं गेले. बायकांनी सुकडीच्या मुठी टाकल्या, कुणी भाकरीचा चतकोर टाकला. माझं बोलणं चालू असतानाच त्यानं येऊन माझा पदर खालून उडवला. सुकडी मातीत सांडली.

"कुनाच्या परवानगीनं?" तो म्हणाला.

मास्तर पुढं झाले, हात जोडून काहीतरी सांगू लागले. त्याच्याबरोबरच्या माणसांच्या हातात टिकावाचे दांडे होते. पहिला दांडा मास्तरांच्या गुडघ्यावर पडला. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. मास्तर पडले. शिंपी त्यांच्यावर आडवा झाला, तर त्याच्या बरगड्यांत लाथा घातल्या. ढोलकी एकानं दगडावर आपटून फोडली. माझ्या तोंडावर काय बसलं ते मला कळलं नाही. तोंडात खडे आल्यासारखं वाटलं, थुंकले तर दात होते.

मग हवालदारांनी मुकादमाला धरलं. मी त्यांना खेळात कितीतरी वेळा रागावलेलं पाहिलं होतं. हे तसं नव्हतं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांनी त्याला पाडलं, छातीवर गुडघा रोवला, ती नळी त्याच्या गळ्याभोवती घातली आणि दोन्ही हातांनी आवळायला लागले. मुकादमाचे पाय खडीवर खरडत होते. त्याची माणसं दांडे घेऊन जागच्या जागी उभी राहिली. कुणाला पुढं यायचा धीर होईना. मला मात्र वाटत होतं, सोडू नका. तोंड रक्तानं भरलं होतं तरी मी म्हणाले, "मारा." तालमीत म्हणाले होते तोच शब्द.

गोंदणवाली पुढं आली आणि तिनं हवालदारांचे केस मुठीत धरून मान मागं ओढली.

"सोड त्याला," ती म्हणाली. "तू जाशील निघून. आमाला हितं ऱ्हायाचंय."

हवालदारांचे हात ढिले झाले. मुकादम कुशीवर वळून ओकला.

खडी वाहणाऱ्या ट्रकमध्ये घालून आम्हाला आधी दहिवडीला आणि तिथून साताऱ्याच्या सिव्हिलला नेलं. ट्रकच्या प्रत्येक हादऱ्याला मास्तर ओरडायचे. फौजदारानं येऊन जबानी घेतली आणि मारामारी दोन्हीकडून झाली असं लिहून घेतलं. मास्तरांचा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये गेला. तो पुढं कधीच वाकला नाही.

आम्ही तिथं असतानाच बायकांच्या वॉर्डात माझ्याशेजारच्या खाटेवर गोंदणवालीला आणून टाकलं. आम्ही गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मुकादमाच्या माणसांनी तिला कामावर गाठलं होतं. उजवा हात दगडावर ठेवायला लावून हातोड्यानं ठेचला. खडी फोडायच्या हातोड्यानं. डॉक्टरांनी तीन बोटं काढली.

मी तिच्याकडं बघू शकत नव्हते. तिच्या अंगात ताप होता, डोळे मात्र उघडे.

"तुमी आला नसता तर बोटं ऱ्हायली असती," ती म्हणाली.

मी पाण्याचा गडू तिच्या डाव्या हाताशी सरकवला.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला तेव्हा तीच म्हणाली, "नाटक परत करनार का न्हाई?"

"कुठं?"

"म्हसवडला. बाजारादिवशी, भर बाजारात. माळावर आमाला कोन बघतंय? बाजारात मारलं तर समदी दुनिया बघंल. आन त्या बाईचं काम मी करनार. तू घागर दे नुसती."

मास्तरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, नको. आधी पाय बरा होऊ दे, मग शांतपणे बघू. पण हवालदार आपल्या गावी जाऊन आले होते. कामावरच्या बायका त्यांना वाटेत भेटल्या होत्या, आमच्या लोकांच्या रांगेतल्या बहुतेक आणि गावाच्या रांगेतल्याही थोड्या. खेळ करा, आम्ही येतो म्हणाल्या. शेवटी म्हसवडच्या बाजाराला मास्तरही काठी टेकत आले. शिंप्याच्या छातीला पट्टा बांधलेला, त्यामुळं तो नुसता कुजबुजल्यासारखा गात होता.

बाजार भरात आला होता. आम्ही धान्याच्या ओळीच्या टोकाला जागा धरली. बायका आल्या, पाठीमागं अर्धगोल करून बसल्या. प्रत्येकीच्या ओटीत हातोडा होता. मास्तरांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

गोंदणवालीनं काम केलं म्हणणं चुकीचं आहे. ती पांढरी पट्टी बांधलेला हात घेऊन उभी राहिली आणि घडलं ते सांगत गेली. हवालदारांनी नळी वर उचलली, तशी तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, ती आता पडेल. पडली नाही. भोवती माणूस माणसाला चिकटून उभा होता.

मुकादम आला. माणसं होतीच बरोबर. यायची त्याला गरज नव्हती. आजही मला वाटतं, न येता तर त्याचं काही बिघडलं नसतं. पण भर बाजारात आपलं सोंग चाललंय हे त्याला सोसलं नसावं. त्यानं गोंदणवालीच्या झिंज्यांना हात घातला. एवढंच त्याला जमलं. बायका उठल्या. त्या ओरडल्या नाहीत. कामावर हातोडे पडतात तसे पडायला लागले, ठक ठक. त्याची माणसं ज्वारीची पोती तुडवत पळाली. एकाचा कान लोंबताना मी पाहिला. मुकादम जमिनीवर होता आणि त्याच्या खांद्याचं हाड सदऱ्यातून वर आलं होतं. ती दगड मारणारी म्हातारीही त्यात होती.

हवालदार नळी टाकून त्या गर्दीत शिरले आणि मुकादमावर पालथे पडले. आपलं डोकं त्यांनी त्याच्या डोक्यावर ठेवलं, हातानं दोघांचीही मान झाकली. बायकांना थांबायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात एक हातोडा हवालदारांच्या कानामागं बसला. तो कुणाचा हे कुणालाच सांगता आलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

पोलिसांनी बायकांना धरून नेलं. पण मुकादमानं तक्रार दिली नाही. मला कुणी मारलं ते दिसलं नाही, एवढंच त्यानं सांगितलं. बायका सुटून आल्या. त्या कामावर दुसरा मुकादम आला आणि टँकरपाशी एक रांग झाली, निदान काही महिने. गोंदणवाली खडी फोडू शकत नव्हती, तिला पाणी वाटायला ठेवलं.

हवालदारांना त्या कानानं पुन्हा ऐकू आलं नाही. ते सिव्हिलमध्ये होते तेव्हा मास्तर त्यांच्याजवळ बसून म्हणाले, "हे असं नको होतं मला. नाटक होतं का दंगल होती?"

हवालदारांनी बरा कान त्यांच्याकडं केला. "मास्तर, तुमी लोकांचा पाठिंबा मागितला. मिळाला. आता त्यो असाच कसा म्हनून कुनाला इचारायचं?"

"तुम्ही मग त्याला का वाचवलंत?"

"एकदा मी त्याला मारतच व्हतो," ते म्हणाले. "हाताला ठावं हाय त्ये कसं लागतं. बायकांच्या हाताला कशाला लावायचं?"

त्यानंतर आमचं नाव झालं. आता मागायला जायची वेळ येत नव्हती, लोकच बोलवायला यायचे. कुठं तांदूळ मिळायचा, कुठं गूळ, बैलगाडी तर प्रत्येक गाव पाठवायचं. मी पदर पसरायचं बंद केलं. तोंडात कवळी होती, तिच्यानं बोलताना सुरुवातीला शीळ वाजायची. लोकांना तेही आवडायचं. माळावर मार खाल्लेली हीच ती, असं एकमेकांना सांगायचे.

शिराळ्याकडच्या एका गावात आम्ही खेळ केला. पिंपळाखाली जागा, माणसं पारावर, भिंतीवर, झाडावर. खेळ चांगला झाला, माझं काम तर त्या दिवशी फारच चांगलं झालं. अर्ध्यात एक म्हातारा उठला आणि मास्तरांजवळ जाऊन बसला. त्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"आवं मास्तर, मारामारी कवा हुनार? आमी दोन कोसांवरनं आलोय. मानसं काठ्या घिऊनच आल्यात."

मास्तर म्हणाले, "मारामारी नाही बाबा. नाटकच आहे."

म्हातारा थोडा वेळ बसला. मग धोतर झटकून उठला. त्याच्यामागं बरीच माणसं उठली. पुढच्या बायका बसून राहिल्या, त्यांच्यासाठी आम्ही शेवटपर्यंत खेळ केला. पण मास्तरांनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही. परतीच्या गाडीत ते ताठ पाय लांब करून बसले होते आणि सारखे शिंप्याला विचारत होते, काठ्या कशाला आणल्या असतील, कुणाला मारणार होते?

पुढं आणीबाणी आली. कुठल्याही खेळाला परवानगी मिळेना. कंपनी मोडली असं आम्ही कुणी म्हटलं नाही, पण तालमीला कुणी आलं नाही. हवालदार शेतावर गेले. मी कांड्या भरत राहिले. सुट्टीच्या वेळेत खात्यातल्या पोरी म्हणायच्या, काहीतरी करून दाखवा की. मी घागर ठेवायचे, इकडंतिकडं बघायचे, आणि त्या आपोआप गप्प व्हायच्या.